पाकीट न चिकटवता

मी, गौरव गंगाराम शिगवण, वय २९, राहणार नाचणे, रत्नागिरी, कुरिअर ऑफिसात नोकरी, बाकी सगळा वेळ नाटक, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहितोय. कोणी धाक दाखवलेला नाही. आजारही काही नाही. शुद्धीत असल्याचं आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, देताना विचारलं, "खरंच शहाणा आहेस, की हाही रोल?" माझी शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे कोर्टाची भाषा जमणार नाही. बोलतो तसंच लिहितो.

एक. बँकेत जे काही असेल ते आप्पांचं, म्हणजे वडिलांचं. पोफळीच्या कॉलनीत गणपतीत मी पहिल्यांदा सीता झालो, तेव्हा ते तीन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. चौथ्या दिवशी म्हणाले, "पदराला पिन लाव. सारखा घसरत होता." माझा पहिला रिव्ह्यू. ती अबोली साडी आईची होती, तिला परत जाईल. परत करणं म्हणजे देणं नव्हे, हे वकिलांना विचारून लिहितोय. कारण पुढे आहे.

दोन. मेकअपची पेटी आणि सगळे विग धाकट्या बहिणीला, सानिकाला. पांढरी काठी मात्र नाही. ती नाटकातली असली तरी खरी आहे, ज्याला दिसत नाही अशा माणसाच्या हातात जावी.

तीन. स्कूटर नाटकाच्या ग्रुपला. रात्री-अपरात्री कोणाला रक्त द्यायला न्यायचं असेल तर. मासळी आणायला नाही.

चार. ग्रुपमधला राजेंद्र पावसकर. पूर आला त्या वर्षी मी होडीतून लोकांना बाहेर काढत होतो, आणि स्पर्धेत माझा म्हाताऱ्याचा रोल याने केला. सर्टिफिकेट घेतलं. वर म्हणतो, "तू माणसं वाचवलीस, मी नाटक वाचवलं." दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. आता वाटतं, खरंच वाचवलं त्याने. भांडण माफ. पण माझी पांढरी मिशी अजून त्याच्याकडे आहे, ती पेटीत परत यावी.

पाच. डोळे. हे नीट वाचा.

मला नाटकात आणलं दीपककाका मयेकरांनी. रिक्षा चालवायचे. नेत्रदानाचं पथनाट्य आम्ही दोघांनी संगमेश्वरच्या बाजारापासून वेळणेश्वरच्या देवळापर्यंत केलं. चाळीस मिनिटांत आंधळा मी, त्याची नात मी, भटजी मी, डॉक्टरही मीच. काका ढोलकी वाजवायचे आणि शेवटी लोकांचे फॉर्म भरून घ्यायचे.

गेल्या वर्षी काका गेले. त्यांच्या कपाटात बंद पाकीट होतं, वर लिहिलेलं, 'माझ्या माघारी उघडणे'. घरच्यांनी मान राखला. दिवस होईपर्यंत त्यांच्याकडे गेलेल्याच्या कपाटाला हात लावत नाहीत. बारावं झालं, मग पाकीट उघडलं. पहिलीच ओळ: माझे डोळे सहा तासांच्या आत द्यावेत.

त्यांना खांदा द्यायला मी होतो. एवढ्या लोकांना विचारत फिरलो, आणि त्या दिवशी काकांच्या घरात 'डोळे देणार?' हे दोन शब्द विचारायचे मला सुचले नाहीत.

म्हणून माझं असं करायचं. पंखा बंद. डोक्याखाली उशी. पापण्या मिटून वर ओला कापूस. फ्रिजवर चिकटवलेल्या नेत्रपेढीच्या नंबरला फोन. रडायचं असेल तर त्यानंतर.

सहा. आई, सावित्री. घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत, आणि आमच्या घरात हो-नाही तीच ठरवते. तिला विचारलं तर म्हणाली, "मेल्या, लोक शेवटचं तोंड बघायला येतील, ती काय खळगे बघतील?"

"आई, वरचा पातळ पडदा घेतात. पापणी मिटलेलीच राहते. चेहरा तसाच दिसतो."

"तुला काय ठाव? तू डॉक्टर हायस?"

"नाटकात आहे."

"मग नाटकातले दे."

म्हणून या मृत्युपत्रात आईला मी एकही वस्तू दिलेली नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार करू नकोस. मला तिची सही वस्तू घेणारी म्हणून नको, साक्षीदार म्हणून हवी. मी समोर बसलेला असताना, हे सगळं ऐकून झाल्यावर. तिने सही केली नाही तर कलम पाच रद्द समजावं, आणि तिला कोणी एक शब्द बोलू नये. हा चेहरा मी कितीही वेळा रंगवला, तरी आधी तिने पुसलेला आहे.

दुसरा साक्षीदार राजेंद्र. त्याच्या नावाने मी काही देत नाही, उलट मागतोय, त्यामुळे चालेल.

वरचं सगळं मी आज दुपारी आमच्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग सही केली. हा कागद पाकिटात राहील, पाकीट फ्रिजवर राहील. चिकटवायचं नाही.

नाचणे, रत्नागिरी
१९ जानेवारी २०२५

(सही) गौरव गंगाराम शिगवण

साक्षीदार
१. (सही) राजेंद्र पावसकर. मिशी आणून दिली.
२. (सही) सावित्री गंगाराम शिगवण. सही केली. पंखा सानिका बंद करील. तवा मी जिती असता नये.