न घेतलेली शपथ

प्रिय एलिनॉर,

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. स्टो गावाच्या बाजारात पार्लमेंटच्या सैन्यापुढे राजाची शेवटची फौज हरली. आम्हा कैद्यांना इथल्या चर्चमध्ये कोंडलंय. मी धडधाकट आहे. खोकला काय, जुनाच.

राजासाठी पुन्हा लढणार नाही अशी शपथ घेतली, की घरी सोडतात. पार्लमेंटचा शिपाई हसून म्हणाला, "आजोबा, राजाकडे फौजच उरली नाही. कुणासाठी लढणार?"

"मग माझी शपथ कशाला हवी रे तुम्हाला?" मी म्हटलं. घेतली नाही.

पत्र शेजारच्या हम्फ्रीबरोबर पाठवतोय. तो शपथ घेऊन सुटला. त्याला जेवू घाल, टोमणे मारू नकोस. मेंढ्या व्यायल्या का? दाराला कडी लावत जा. माझ्यावर रागावलीस का, तेवढं लवकर कळव.

तुझाच,
एडमंड