एका माणसाची तीन निधनपत्रकं

मोस्तार, १४ नोव्हेंबर

प्रिय दामिर,

बाबा गेले. हाय्रा आत्या म्हणते तिने तुला गोथेनबर्गला फोन केला होता, पण तू उचलला नाहीस. तेव्हा ही बातमी तुला माझ्याकडूनच कळते आहे असं धरून लिहिते. ऑक्टोबरच्या अखेरीस, हॉस्पिटलात, दुपारच्या जेवणानंतर. त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले. मला वाटतं थोडा झाला, मी तिथेच होते. दफन शहराच्या सार्वजनिक दफनभूमीत केलं, इमामाशिवाय आणि पाद्र्याशिवाय, त्यांना हवं होतं तसं. सरकारी कचेरीतून एका बाईंचा फोन आला होता. फार सभ्य होत्या. गेलेल्या देशाच्या सरकारप्रमुखाला कुठला मान द्यायचा याचा नियम त्यांना सापडत नव्हता. शोधून कळवते म्हणाल्या, अजून कळवलेलं नाही. बाबांच्या जुन्या मंत्रिमंडळातले जे दोघे हयात आहेत त्यांनी मिळून एक पुष्पचक्र पाठवलं. त्यावर ‘सहकाऱ्यांकडून’ एवढंच होतं, गावाचं किंवा देशाचं नाव नव्हतं.

सगळं अडलं ते पत्रकावर. ती प्रथा तू गेलास तेव्हा होती तशीच आहे. माणूस गेला की झाडांवर, खांबांवर, बेकरीच्या दाराशी त्याचं पत्रक लागतं, खाली शोकाकुल नातेवाइकांची नावं. सेयोकडे गेले. तो शववाहिनी चालवतो आणि पत्रकंही छापतो. मान वर न करता त्याने विचारलं, “मशीद, चर्च की कोणीच नाही?” कोणीच नाही, मी म्हटलं. “मग चौकट निळी. हुद्दा काय घालू?” युगोस्लाव्हियाचे माजी सरकारप्रमुख, असं सांगितल्यावर त्याने चष्मा काढला. “यासेन्काबाई, माणूस माजी की देश?” दोन्ही, मी म्हटलं. “मग एकदाच लिहून भागेल,” म्हणाला, आणि तसंच छापलं.

मग नावं. आई गेल्यावर उरलो आपण दोघंच. बाबांनी शेवटच्या आठवड्यात मला स्पष्ट सांगितलं होतं, “पत्रकावर तुझं एकटीचं नाव घालायचं. मला एकच मूल.” मी पुन्हा विचारलं. बैठकीत हरकत घेणाऱ्या मंत्र्याकडे ते जसे बघत असतील तसे त्यांनी माझ्याकडे बघितलं. औषधांच्या गुंगीत बोलले असं म्हणून तुझी किंवा माझी समजूत घालता आली असती, पण ते गुंगीत नव्हते. मी त्यांचं ऐकलं. ते बरोबर होतं म्हणून ऐकलं, की सवयीने, हे मी डायरीत दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा खोडलं.

तुला तो कॉफीचा हिवाळा आठवतो का? बाबा नुकतेच पदावर आले होते आणि दुकानांतून कॉफी नाहीशी झाली. आई आपल्याला घेऊन सीमेपलीकडे त्रिएस्तला गेली आणि येताना तिने तुझ्या कोटाच्या अस्तरात दोन पुडे शिवले. सीमेवरच्या जकातवाल्याने पासपोर्टवरचं आडनाव वाचलं, सलाम ठोकला आणि आपल्याला सोडून दिलं. बेलग्रेडच्या घरी शिरल्याबरोबर बाबांना वास आला. त्यांनी स्वतः जकात कचेरीला फोन लावला, दंड भरला आणि तुलाच ड्रायव्हरबरोबर पाठवून पुडे जमा करायला लावले. आई कितीतरी दिवस भाजलेल्या जवाचं काळं पाणी पीत राहिली आणि त्यांच्याशी बोलली नाही. तू मात्र परत आल्यावर म्हणालास की बाबा देशातले सगळ्यांत खरे गृहस्थ आहेत. मला तेव्हा तुझा राग आला होता, कारण मलाही कॉफी हवी होती.

युद्धात तू बायकामुलांच्या बसमधून निघून गेलास. बाबांच्या लेखी तीही तस्करीच होती, या खेपेला तू अस्तरातून स्वतःलाच बाहेर नेलंस. “मी ज्या देशाचं सरकार चालवलं तो सोडून माझा मुलगा मागच्या सीटवर लपून जातो,” एवढंच ते एकदा म्हणाले. नंतर तुझं नाव घेतलं नाही. देश राहिला नाही, तरी त्यांचा निकाल राहिला. तू चुकलास का हे मला माहीत नाही. मी राहिले म्हणून मी बरोबर ठरते असंही मला वाटत नाही.

पत्रकं लागली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पाव आणायला निघाले. आपल्या गल्लीतल्या चिनार झाडावर माझं निळं होतं. बाजाराकडे वळले तर बाबांचाच फोटो हिरव्या चौकटीत, वर चंद्रकोर. ते आत्याचं काम होतं. मग पूल ओलांडला. पलीकडच्या पोस्टाशेजारी काळी चौकट, क्रूस, आणि क्रूसाखाली बाबांचं मुसलमानी नाव, रिफत कोलाकोविच. ते स्तिपे मामाचं. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. युद्धापासून ती नदीच्या पलीकडे जात नाही आणि तो अलीकडे येत नाही. मी आत्याला जाब विचारला तेव्हा ती कडाडली, “निळं म्हणजे बेवारशी! माझा भाऊ काय रस्त्यावर सापडला होता?” मामा शांतपणे म्हणाला, “पोरी, माझ्या बहिणीचा नवरा तो. आमच्या बाजूला काळं लागलं नाही तर दर्शनाला यायचं की नाही हे लोकांना कळणार कसं?” दोघांवरही रागावता आलं नाही.

पुलाजवळच्या कॅफेत म्हातारे तेवढ्यावर दिवसभर बसले असतील. मी शेजारून जात होते. “तीन कोलाकोविच एकाच दिवशी?” “अरे एकच तो. कॉफीवाला.” “हां, कॉफीवाला! कुठल्या देशाचा प्रमुख म्हणायचा?” “ज्याची पेन्शन तू खातोस त्याच्या आधीच्या.” “त्या देशाचं पत्रक कुठे लागलं होतं रे? मी बघितलं नाही.” “रंग ठरेना, म्हणून राहिलं.” ते हसले. मलाही हसू आलं, आणि त्यांच्या ते लक्षात आलं.

भेटायला आलेल्यांना मी कॉफी दिली. समोरच्या राबियाबाईंनी कपात डोकावून विचारलं, “यासेन्का, यात खरी कॉफी आहे ना गं? तुझ्या बाबांच्या घरी विचारलेलं बरं.” बाबा असते तर त्यांनी आकडे देऊन उत्तर दिलं असतं. मग राबियाबाईंनी कप खाली ठेवला. “एक सांग. हिरव्यावर दामिरचं नाव आहे. पलीकडे जावई गेला होता, तो म्हणतो काळ्यावरही आहे. तुझ्या निळ्यावरच नाही. असं कसं?”

मी तोवर ते पाहिलंच नव्हतं. चौकटीच बघत बसले होते. त्या गेल्यावर मी पुन्हा बाहेर पडले आणि दोन्ही पत्रकं नीट वाचली. हिरव्यावर मुलगा दामिर, मुलगी यासेन्का. काळ्यावरही तसंच, तूच आधी. त्या दोघांनी कुणाला विचारलं नाही. मुलगा आहे म्हणून त्यांनी मुलगा लिहिला. तू नव्हतास तो फक्त त्या कागदावर, जो मी बाबांच्या शब्दाप्रमाणे अक्षरशः बरोबर केला होता.

आता चाळिसाव्या दिवसाचं स्मरणपत्रक लागेल. सेयोने मजकूर मागितला आहे. बाबांचं म्हणणं मी एकदा पाळलं. दुसऱ्यांदा पाळण्याचं वचन त्यांनी मागितलं नव्हतं आणि मी दिलं नव्हतं. पण ज्यांनी तुला मुलगा म्हणायचं सोडलं त्यांच्या नावाखाली तुला न विचारता उभं करणं हेही मला जमणार नाही. तू ‘नको’ म्हणू शकतोस, तो तुझा हक्क आहे. म्हणून विचारते आहे: तुझं नाव घालू का? कारण लिहू नकोस, येतोस की नाही तेही लिहू नकोस. ‘हो’ किंवा ‘नाही’, एवढंच. मजकूर मी सेयोला अजून दिलेला नाही.

तुझीच, आणि हे मात्र कुणालाही न विचारता,
यासेन्का