रस्त्याकडची बांधी

१० ऑगस्ट २०२४
रस्त्याकडच्या बांधीतला धान तांबडा पडला. आत्ता तर रोवणी झाली, आणि खालच्या पानांवर गंजासारखे ठिपके. शेजारचे धनराजभाऊ धुऱ्यावरूनच, बांधीत न उतरता — "दिव्या, युरिया टाक. हिरवागार होते." दरवर्षी हेच. ताप आला तरी युरिया, पोट दुखलं तरी युरिया.

१२ ऑगस्ट
चामोर्शीला कृषी कार्यालयात रोप दाखवून आले. जमिनीत जस्त कमी आहे. नुसता युरिया ओतला तर धान माजतो, मऊ पडतो. दोन्ही बांध्यांत झिंक सल्फेट टाकलं — रस्त्याकडची आणि तलावाकडची. युरिया अर्धाच, तोही थोडा थोडा. बाबा गेल्यापासून शेत माझ्यावर आणि भावावर, अंकुशवर. त्याला बजावलं, या दोन बांध्यांत माझ्याशिवाय कोणी खत टाकायचं नाही. म्हणाला, "तुई बांधी, तूच पाह्य."

२५ ऑगस्ट
नवी पानं स्वच्छ आली. पण पोपटी. बाकीच्यांचा धान काळाभोर. बोअरिंगवर बायका आईला म्हणाल्या, "गिरजाबाई, पोरीनं धान उपाशी मारला." आई घरी येऊन जेवली नाही. यांना बरी कळते आमच्या धानाची भूक!

८ सप्टेंबर
रस्त्याकडची बांधी एकदम गडद हिरवी. माझ्या खतानं असं होत नाही. घरातली युरियाची बॅग पाहिली, अर्धी रिकामी.
अंकुशला धरलं.
"तू टाकला?"
"म्याच टाकला म्हन. झालं?"
"काऊन?"
"लोकं हासत होते."
वाट्टेल ते बोलले मी. बाबांच्या जिवावर बसून खातोस, इथपर्यंत. आई चुलीपाशीच होती. तिनं मान वर केली नाही.

९ सप्टेंबर
त्याच्याशी बोलणार नाही.

६ ऑक्टोबर
तुडतुडे लागले. दाट, मऊ धानात बुडाशी नुसते गच्च. मधे मधे गोल पट्टे, जळाल्यासारखे. तलावाकडच्या बांधीत काही नाही, धान ताठ. तिथं कोणी हात लावला नाही, कारण ती बांधी रस्त्यावरून दिसत नाही. लोकांना दाखवायला शेती करायची का? फवारणीचा पंप पाठीवर घेऊन अंकुश दिवसभर बांधीत होता. मी पाणीसुद्धा नेलं नाही.

२२ ऑक्टोबर
काल दुपारी वारा-पाऊस. रस्त्याकडचा धान आडवा झाला, लोंब्या चिखलात. धनराजभाऊ येऊन हळहळले — "नशीब, बाई." कसलं नशीब. तलावाकडचा उभाच आहे ना? त्याच पावसात?
अंकुश चिखलात उतरून एकेक चूड उचलून बांधत होता. मी धुऱ्यावर उभी राहिले. मनात म्हटलं, बरं झालं. बघ आता.

६ नोव्हेंबर
आडवा धान कापत होतो. आईनं विळा थांबवला. "दिव्या, तो युरिया म्या टाकला होता. उपाशी दिसे वो तो धान. मले पाहावलं नाई. अंकुशनं मले टाकताना पाह्यलं, म्हने तू बोलू नको, मी घेतो माह्यावर."
अंकुश पलीकडे भारे बांधत होता. मी पाण्याची कळशी उचलून त्याच्यापाशी गेले. त्यानं कळशी घेतली, आणि आधी माझ्यापुढे धरली.