बाबांचं बोट

प्रिय ताई,

तू डॉक्टर आहेस हे घटकाभर विसर आणि नुसती लेक म्हणून वाच. बाबांचं बोट आज सर्जननी अखेर चिरलं. सुई टोचल्याचं निमित्त, आणि बोटाचा नुसता भोपळा झाला होता! एवढ्याशा जागेतून केवढा पू निघाला गं. हाडापर्यंत पोचला असेल तर पेर काढावं लागेल म्हणाले. शिंप्याच्या उजव्या हाताचं बोट, ताई! बाबा शिलाई मशीनकडे बघतसुद्धा नाहीत.

मागे मीच आमच्या लॅबमध्ये त्यांच्या पुवाचं कल्चर लावलं होतं, पण प्लेट कोरीच राहिली, एकही जंतू उगवला नाही. राहणारच! तू पाठवलेल्या कॅप्सूल तेव्हा त्यांच्या पोटात होत्या. जंतू धड मरत नव्हते नि धड वाढतही नव्हते, मग कोणतं औषध लागू पडेल हे कळणार कसं? म्हणून या वेळी सर्जननी आधी कॅप्सूल थांबवल्या. आज पुन्हा प्लेट लावलीय. उद्यापर्यंत काही दिसायचं नाही हे ठाऊक असून मी सारखी इनक्युबेटरपाशी घुटमळत होते. लॅबचे साहेब म्हणाले, अंडी उबवायला ठेवलीत की काय? मी हसायला गेले आणि रडूच फुटलं.

मला एक कळत नव्हतं. तुझं औषध चुकलं नव्हतं. सूज उतरायची आणि पुन्हा टरारून वर यायची. आज बाबांना चांगलं खडसावलं, तेव्हा कुठे बोलले. जरा बरं वाटलं की ते कॅप्सूल बंद करायचे. विसरून नाही, मुद्दाम! कोर्स चालू असला की तू सकाळ-संध्याकाळ फोन करतेस, घेतली का, दुखतंय का विचारतेस. बोट बरं झालं की महिना महिना तुझा फोन नाही. आणि वर म्हणतात, तिला कामं असतात, उगाच कशाला त्रास! मी आधी तोंडाला येईल ते बोलले, मग त्यांचा चांगला हात धरून बसून राहिले.

बाबा शेजारच्याच खोलीत आहेत, फोनवर हे बोलता येईना, म्हणून पत्र. ते पोचेपर्यंत प्लेटचा निकाल लागलेला असेल, पेर राहील की जाईल तेही कळलेलं असेल. औषधाचं आम्ही इथे बघू. तू आता कॅप्सूल पाठवू नकोस, तू ये. मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस. आणि बोट बरं झाल्यावरही फोन करत जा.

तुझीच, वाट बघत बसलेली,
चिंगी