कठडा वाळवीनं खाल्ला म्हणे

माजलगाव, सोमवार, संध्याकाळ

सागवानाचा कठडा, आन् वाळवीनं खाल्ला म्हणे! सकाळपासून डोक्यातून जात न्हाई.

जुन्या कोर्टातला तो साक्षीदाराचा कठडा. निजामाच्या काळी त्या कोर्टात मुन्सफ न्यायाला बसायचा. कोर्ट हललं, मग आमची शाळा भरायला लागली. वर्गात पेन चोरीला गेलं की गुरुजी एकेकाला कठड्याला हात लावून खरं सांगायला लावायचे; हात लावून खोटं बोललं तर भोवतं म्हणत. पुढं धान्याचं गोदाम झालं, तरी बाजारातली भांडणं तिथंच मिटायची.

आता इमारत पाडून दुकानं काढायचं चाललंय. आमच्या वॉर्डाचे पुढारी आण्णा म्हणतात, "माझा त्यात एक गाळा न्हाई." काल गॅरेजवाले साबिरभाई चारचौघांत बोलले, "मग उद्या कठड्याला हात लावून सांगा की, आण्णा." आण्णा हसले. "सांगतो की. त्यात काय?"

आज आम्ही सगळे गेलो, तर कठडाच न्हाई. फरशीत नुसत्या ताज्या खाचा. वाळवी काय बोल्ट उपसून नेते?

"जुनं लाकूड, वाळवी लागली असंल," आण्णा म्हणाले. माझ्याकडं बघितलं न्हाई. इमारतीच्या कुलपाची किल्ली त्यांच्याच माणसाकडं असते. का मीच उगीच संशय घेते?

देवाची शपथ तर ते दर निवडणुकीत घेतात. मग एका लाकडाला कशाला भ्यावं?

पण आण्णा माझ्याच वर्गात होते. पेन चोरलं त्या दिवशी कठड्याला हात लावायच्या आधीच रडायला लागलते.