पुढच्या खणातल्या तबकड्या

९ नोव्हें., रविवार
डोळ्याची पट्टी निघाली. मोतीबिंदू गेला आणि घरातली कोळिष्टकं दिसायला लागली. इतके दिवस मी समजून होते की नाहीतच.
शकू अजून आहे. लातूरहून आली ती माझ्या डोळ्यात थेंब घालायला. आता स्वयंपाकघर, अंगण आणि मी, सगळं तिच्या ताब्यात. नांदेडच्या दवाखान्यात दोघींनी एकाच वॉर्डात नोकरी काढली, त्यामुळे तिचं ऐकायची सवय आहे. वाकायचं नाही म्हणे, म्हणून ग्रामोफोनही बंद.
माझी जात्यावरची, ती ओव्यांची तबकडी, ऐकावीशी वाटते फार.

१० नोव्हें.
शकू सकाळच्या गाडीनं गेली. रिक्षात बसता बसता म्हणाली, "अगं सुमे, तुझ्या त्या पुढच्या खणातल्या तबकड्या लई मळल्या होत्या. चकाचक करून ठेवल्यात बघ. स्पिरिटनं."
बरं केलंस, म्हटलं. रिक्षा वळेपर्यंत हात हलवला. मग आत येऊन बसले.
लाखेच्या तबकडीला स्पिरिट म्हणजे विष. लाख विरघळते. तबकड्या जमवणाऱ्याला हे पहिल्या वर्षीच कळतं, शकूला कोण सांगणार? आम्हा नर्सबायांना कात्री, दंड, टेबल, सगळं स्पिरिटनंच पुसायचं ठाऊक. मागच्या कपाटात एवढा ढीग आहे, त्याला हात लावला नाही तिनं. पुढच्या खणातल्या माझ्या लाडक्या, म्हणून त्या पुसल्या.
खण उघडायचं धाडस झालं नाही.

११ नोव्हें.
उघडला. सगळ्यांचं पाणी उतरलंय, पांढुरक्या पडल्यात. दोनतीन प्लॅस्टिकच्या होत्या, त्या मात्र छान निघाल्या.
जात्यावरची लावली. नवी सुई, चावी पूर्ण दिलेली. नुसती खरखर. मध्येच कुठंतरी एक बाई भिंतीपलीकडून बोलल्यासारखी.
आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. दादांनी, म्हणजे वडिलांनी, ही तबकडी वजिराबादेच्या बाजारातून आणली. म्हणायचे, तुझ्या आईचा गळा असाच होता, दळताना असंच गायची. बाकी सगळा पसारा नंतरचा, हिच्या मागं मागं आलेला. लेबलावरचं नाव कधीच गेलंय. गाणारी कोण ते कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी कुणाला विचारलंही नाही.
रडले. डोळ्याला चालत नाही, तरी.

१३ नोव्हें.
हबीबभाई येऊन गेले. ग्रामोफोन दुरुस्त करतात, आमच्या तबकडीवाल्यांत सगळ्यात जुने. खिडकीशी तिरपी धरून बराच वेळ बघितलं.
"सिस्टर, ही गेली. झूट कशाला बोलू?"
चहा अर्धा झाल्यावर, "शकूबाईला बोलल्या का?"
नाही म्हटलं.
"नका बोलू. मोहब्बतीनं केलंय बिचारीनं."
मोहब्बतीनंच केलंय, तेच तर. रागवायचीसुद्धा सोय नाही.
हबीबभाईंनी ग्रुपवर टाकलं. आमच्यात रीत अशी की कुणाची आवडती गेली तर कशी गेली ते विचारायचं नाही, फक्त शोधायला लागायचं.

१६ नोव्हें.
मुरूडच्या एकानं त्याच धाटणीची दुसरी पाठवतो म्हणून कळवलं. उदगीरहून फोटो आला, हीच का? नव्हे. इस्लापूरचे एक गृहस्थ सासुरवाडीचा माळा उपसून आले. तिथं उंदीर निघाले म्हणे, आणि सासूबाईंची बोलणी फुकट.
यांतल्या निम्म्यांना मी कधी पाहिलेलंही नाही.

१९ नोव्हें.
मुखेडहून मारोतरावांचा फोन. शेती करतात, तबकड्यांमुळेच ओळख. "ताई, हाय माझ्याकडं. जात्यावरचीच."
मी स्टूल ओढून बसले.
"पर मला बी ती लई आवडती."
मग राहू द्या, म्हटलं. मनापासून म्हटलं.
"तसं न्हाई," म्हणाले आणि फोन ठेवला. तसं नाही म्हणजे कसं? दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

२३ नोव्हें., रविवार
मारोतराव स्वतः आले. एसटीनं, दोन उशांमध्ये तबकडी बांधून, मांडीवर घेऊन. शेजारच्यानं टेकायला एक उशी मागितली, दिली नाही म्हणून भांडण झालं.
देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या घरी बसून तबकडी शेवटची ऐकायची आणि मग द्यायची, अशी आमच्यात पद्धत आहे. मी ग्रामोफोन मांडला तर हे चप्पल घालायला लागले.
"लावा तुमी. म्या कोपऱ्यावर चहा पिऊन येतो."
अहो, ऐका तरी, म्हटलं.
"शेवटची ऐकली की दिल्यावाणी होतं, ताई. ऐकलीच न्हाई तर माझी बी ऱ्हाती. तुमच्याकडं ठिवली म्हणायचं."
आवाज येऊ नये म्हणून खरंच कोपऱ्यापर्यंत गेले. इकडं त्या बाईनं पहिली ओवी उचलली. मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले होते. इतका आनंद मला या वयात झेपत नाही.
परत आले तेव्हा उशा मागून घेतल्या. बायकोच्या होत्या.

२९ नोव्हें.
डोळा दाखवायला शकू सोबत होती. डॉक्टर खूष. घरी आल्यावर तीच म्हणाली, लाव की तुझी जात्यावरची.
लावली. डोळे मिटून, मान डोलवत ऐकलं तिनं. संपल्यावर म्हणाली, "बघ, पुसल्याचा किती फरक पडला. आधी ही बाई नाकात गायची."
आवाज साफ आहे हे खरं. मारोतरावांनी जपून वाजवलीय. मी तबकडी उचलून पाकिटात घातली. बरा झालेला पेशंट घरी निघाला की शकूचा चेहरा असाच व्हायचा.
आत्ता ती मागच्या कपाटापुढं स्टूल मांडतेय. कापसाचं नवं बंडल लातूरहूनच घेऊन आलीय.
"सुमे, स्पिरिट कुठं ठेवलंस गं?" दोनदा विचारून झालं.
थांब, एवढं लिहून होऊ दे, म्हणून सांगितलंय.