बायजाची झोप

थळ, माघ, सन १९३४

चिरंजीव दामोदर यास आईचे आशीर्वाद.

बायजा इकडे आली आहे का, असं तू विचारलंस आणि मी नाही म्हणून कळवलं. खरं ते इथे लिहिते, पण हा कागद टपालात पडणार नाही.

तुझी बायको रेवसच्या बोटीने एकटीच आली. माहेरी का गेली नाहीस, म्हटलं, तर म्हणाली, "तिकडनं परत धाडतील. तुमी न्हाय धाडणार, असं वाटलं." तिच्या पाठीवरच्या वळांना मीच तेल लावलं.

दार वाजलं की ती उठून बसायची. म्हणून तुझी खोली तिला दिली. भिंतींना चुना लावला, जमीन सारवली, खाट दारासमोरून हलवून वाडीकडच्या खिडकीखाली ठेवली. खुंटीवरचा तुझा कोट पेटीत घातला. सुताराकडून दाराला आतून कडी बसवून घेतली. तरी ती झोपेना.

शेवटी मी विचारलं, "अजून काय सलतंय गं या खोलीत?"

ती म्हणाली, "आत्याबाई, तुमचं चालणं त्यांच्यावानी हाय."

तुझी चाल माझ्यावर गेली आहे, हे मला ठाऊक नव्हतं. आता मी दाराशी जाण्याआधी लांबूनच तिला हाक मारते.

काल दुपारी तिने कडी लावली आणि दिवेलागणीपर्यंत झोपली. मी ओटीवर बसून होते. तू आलास तर तिथेच भेटेन.

तुझी आई,
काशी